आमची बाळी

माझी धाकटी बहीण आता अडीच वर्षांची होत आली आहे. तिचे पाळण्यातले नाव वेगळे आहे, पण घरात सगळे तिला बाळीच म्हणतात. बाईंनी प्रजासत्ताक दिनाच्या भित्तीपत्रकासाठी ‘आमच्या घरातले लहान मूल’ असा विषय दिला, तेव्हा वर्गातली बरीच मुले म्हणाली, “बाई, आमचं लेकरू हितं न्हाई, फडावर हाय.” बाई म्हणाल्या, “मग तसंच लिहा.” नुसते ‘बाळ गोरेगोमटे आहे, ते सर्वांना आवडते’ असे लिहायचे नाही, तारखा आणि वजने लिहायची, असेही बाईंनी बजावले. म्हणून मी आज्जीच्या पत्र्याच्या पेटीतून बाळीचे माता व बाल संरक्षण कार्ड काढून घेतले. त्यात सगळे लिहिलेले आहे. जे कार्डात नाही ते मी घरच्यांना विचारून लिहिले आहे.

बाळीचा जन्म ऑगस्ट २०२३ चा. त्या वर्षी अधिक श्रावण होता. आज्जी त्याला धोंड्याचा महिना म्हणते. अधिक श्रावण २००४ साली आला होता, त्यानंतर एकदम २०२३ ला आला. त्यामुळे आबा थट्टा करतात की, तिथीप्रमाणे वाढदिवस करायचा तर बाळीला एकोणीस वर्षे थांबावे लागेल. जन्मली तेव्हा तिचे वजन २ किलो ६०० ग्रॅम होते. मी तेव्हा पाचवीत होतो. दवाखान्यातून आणल्यावर आज्जीने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “मान धर, मान.” तेव्हा मला कळले की लहान लेकराची मान आपोआप उभी राहत नाही.

तो ऑगस्ट महिना फार कोरडा गेला. आमचे गाव बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरावर आहे. जमीन हलकी आहे. पाऊस नाही म्हटल्यावर सोयाबीन फुलातच वाळू लागले. आबा रोज बांधावर जाऊन यायचे व काही न बोलता बसायचे. घरात हसण्यासारखे एकच होते, ते म्हणजे बाळी. सहा आठवड्यांची लस झाली, त्या रात्री तिला ताप आला. आशाताईंनी आधीच सांगितले होते की ताप येतो, घाबरायचे नाही. आज्जी मात्र रात्रभर उशाला बसून होती व मधूनमधून दृष्ट काढत होती.

आता पहिल्या हंगामाचे सांगतो. २०२३ ची दिवाळी नोव्हेंबरात होती. पाडवा १४ तारखेला व भाऊबीज १५ तारखेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आई आणि अण्णा ऊसतोडीला सांगली जिल्ह्यात गेले. आमच्या दोन्ही बैलांनाही ट्रकात चढवले. बाईंची बदली होऊन त्या यंदाच आल्या आहेत, त्यांना ‘एक कोयता’ म्हणजे काय ते माहीत नव्हते, म्हणून लिहितो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो. म्हणून एकट्या अण्णांनी जाऊन भागत नाही, आईलाही जावे लागते. आणि आई गेली की अंगावर पिणारे लेकरू तिच्याबरोबर जाणारच. बाळी साडेतीन महिन्यांची होती. चौदा आठवड्यांची लस घेऊनच निघाले. मी आज्जी-आबांजवळ राहिलो. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झाले की माझे जेवण तिथे असते.

त्या हंगामात बाळी कूस वळायला लागली, पालथी पडायला लागली, बसायला लागली, खालचे दोन दात आले. यातले मी काहीच पाहिले नाही. आई सांगते की, पहाटे चार वाजता फडावर जायचे. बाळीला कुंची घालून, दोन गोधड्यांत गुंडाळून गाडीत ठेवायचे. फडात पोचल्यावर वाढ्यांचा बिछाना करायचा. वाढे म्हणजे उसाचा वरचा हिरवा पाला. त्याच्यावर गोधडी, आणि वर दोन काठ्यांना बांधलेले लुगड्याचे छप्पर. आई ऊस तोडायची, मोळी बांधायची, आणि मधेच येऊन पाजून जायची. एकदा बाळी पालथी पडली ती छपराच्या बाहेर जाऊन पडली. तोंडात पाला. आई म्हणते, “तवा कळलं, हिला आता पालथं पडता येतंय.” आमच्या आज्जीला हे ऐकून रडू आले, कारण लेकरू पहिल्यांदा पालथे पडले की करायचे ते काहीच करता आले नाही.

एप्रिल २०२४ मध्ये गुढीपाडव्याला सगळे घरी आले. बाळी आठ महिन्यांची, वजन ६ किलो ६००. मला पाहून ती हसली. तेव्हा ती कोणालाही पाहून हसत असे, म्हणून त्याचे काही विशेष नाही. मग उन्हाळाभर ती आमच्याकडे होती, आणि या वेळचे सगळे मी पाहिले आहे. मे महिन्यात नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस झाला. डोस चमच्याने देतात. तो तिने अर्धा ताईंच्या पदरावर उडवला. ती रांगायला लागली ती सरळ चुलीकडे. आज्जीने चुलीच्या पुढे पाटा आडवा लावला. ती पाट्याला धरून उभी राहिली! म्हणजे जे अडवण्यासाठी लावले होते, त्याच्याच आधाराने ती उठली.

पावसाळ्यात पहिला वाढदिवस झाला. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या की, वर्षाचे मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट असावे. २ किलो ६०० ची तिप्पट ७ किलो ८०० होते. बाळी ७ किलो ३०० भरली. ताई म्हणाल्या, “कमी आहे थोडी, पण हिरव्यात आहे.” तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे तीन पट्टे असतात. हिरवा म्हणजे बरे, पिवळा म्हणजे कमी वजन, नारिंगी म्हणजे फार कमी. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

बाळीचा पहिला शब्द कोणता यावर आमच्या घरात अजून भांडण आहे. आई म्हणते ‘आई’. अण्णा म्हणतात ‘अन्ना’. मला विचाराल तर दोन्ही खोटे. २०२४ च्या पोळ्याला, म्हणजे २ सप्टेंबरला, सर्जा-राजाला झूल घालून दारात आणले, आज्जी ओवाळत होती, तेव्हा बाळी माझ्या कडेवरून बोट करून मोठ्याने म्हणाली, “बै!” सगळ्यांनी ऐकले. बैलाने पण कान हलवला. पहिला शब्द तोच.

आता चालण्याचे. मला फार वाटत होते की बाळीने दिवाळीच्या आत चालावे. दिवाळीनंतर सगळे जाणार हे ठरलेले. आबांनी सुताराकडून बाभळीचा पांगुळगाडा करून आणला. तीन चाके, धरायला आडवा दांडा. रोज शाळा सुटल्यावर मी तिला अंगणात पांगुळगाड्याला उभी करायचो. ती दांडा चावायची. ढकलायची नाही. सीताफळाचे दिवस होते. आमच्या बालाघाटाची सीताफळे नावाजलेली आहेत, हे भूगोलाच्या तासाला सांगायची गरज नाही. मी पिकलेले सीताफळ घेऊन चार हातांवर बसायचो आणि म्हणायचो, “ये, ये, बाळी.” ती खाली बसायची, रांगत यायची, बिया काढलेला गर खायची, आणि परत रांगत जायची. रांगून काम होत असेल तर चालायचे कशाला, असे तिचे म्हणणे असावे. मी आशाताईंना विचारले की हिच्या पायात काही दोष आहे का. त्या म्हणाल्या, “अरे, कोणी नवव्या-दहाव्या महिन्यात चालतं, कोणी पंधराव्यात. अठरा महिन्यांपर्यंत वाट बघायची असते.” पण मला अठरा महिन्यांपर्यंत वेळ कुठे होता? लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झाले, आणि त्या वर्षीचा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. पंधरा महिन्यांची, ७ किलो ७०० ची, न चालणारी बाळी घेऊन आई-अण्णा गेले. पांगुळगाडा ओसरीवर राहिला. आबांनी त्यावर पेंडीचे पोते ठेवले.

नाताळच्या सुट्टीच्या आधी एका संध्याकाळी अण्णांचा फोन आला. तिकडे कोपीवर वीज नसते. अण्णा गावातल्या दुकानात फोन चार्ज करायला लावतात, म्हणून फोन रोज होत नाही. आबा नेहमीप्रमाणे फोनमध्ये ओरडून बोलत होते. मग ते एकदम गप्प झाले आणि आज्जीला म्हणाले, “लेकरू चालायलंय.”

ते मी आईकडून पुढे तीन-चार वेळा ऐकले आहे. दुपारची वेळ होती. ऊस तोडून झालेले रान होते. खाली सगळी उसाची बुडखे, टोकदार. आई मोळी बांधत होती. बाळी वाढ्याच्या ढिगाला धरून उभी होती. आईने सहज मान वर केली, तर बाळी ढीग सोडून आईकडे निघालेली. आई म्हणते, “मी कोयता लांब फेकला आन् तिथंच खाली बसले. बोलावलं न्हाई. बोलावलं असतं तर पडली असती.” तीन पावले टाकली आणि आईच्या गळ्यात पडली. अण्णा सांगताना पाच पावले सांगतात. पण अण्णा तेव्हा गाडी भरत होते, त्यांनी पाहिलेच नाही! त्या रानातल्या इतर बायाही आपापल्या पातीत होत्या. म्हणजे पहिली पावले एकट्या आईने पाहिली. तसेच पाट्याला धरून उभे राहणे आज्जीने आणि मी पाहिले, आईने नाही, कारण ती तेव्हा खुरपायला गेली होती. मी हिशेब करून पाहिला. बाळीचे सगळे पाहिले आहे असे आमच्या घरात एकही माणूस नाही. आपण सगळे मिळून बसलो आणि एकेकाने सांगितले तरच ती पुरी होते.

त्या हंगामात बाळी आजारी पडली. जानेवारी २०२५ मध्ये तिला हगवण लागली. तिकडे पाणी जिथून मिळेल तिथून आणतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेली, तिथे जलसंजीवनीची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायचे आणि थोडे थोडे पाजत राहायचे. झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची, हगवण थांबली तरी मधे सोडायची नाही. आईने एकही दिवस चुकवला नाही. पण आम्हाला फोनवर फक्त “बरी हाय” एवढेच सांगितले. खरे आम्हाला मार्चमध्ये कळले.

मार्च २०२५ मध्ये हंगाम लवकर संपला, आणि गुढीपाडव्याच्या आधीच सगळे आले. मी फाट्यावर जाऊन उभा होतो. ट्रक थांबला. आईने बाळीला खाली उतरवले, आणि बाळी आपल्या पायांनी उभी राहिली. केस पिंगट झालेले, पाय काड्यांसारखे, पण चालत होती. मी म्हणालो, “बाळी, ओळखलं का?” ती आईच्या मागे गेली, पदरातून पाहिले आणि म्हणाली, “मामा.”

कोपीवर जो कोणी पुरुष दिसेल त्याला ती मामा म्हणायला शिकली होती. ट्रकवाला मामा, मुकादम मामा, दुकानवाला मामा. मी पण मामा. सगळे हसले. मीही हसलो, पण वाटेत मी पुढे पुढे चाललो.

‘दाद’ म्हणायला तिला अकरा दिवस लागले. मी मोजले आहेत.

चैत्रात अंगणवाडीत वजन केले. ७ किलो ९००. चार महिन्यांत फक्त २०० ग्रॅम. ताईंनी तक्त्यावर ठिपका दिला तो पिवळ्या पट्ट्यात पडला. आई काही बोलली नाही, फक्त ठिपक्याकडे पाहत राहिली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितले की, या वयाच्या लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे असते, ते दोन वेळच्या जेवणाने भरत नाही. दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्या, आणि वरून चमचाभर तेल घाला. राहिलेली लस व बूस्टरही तेव्हाच झाले. मग आमच्या घरात बाळीला खाऊ घालणे हा एक धंदाच झाला. सकाळी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून. मग अंगणवाडीच्या घरपोच आहाराच्या पाकिटातले. दुपारी मुगाची खिचडी. चार वाजता, मी शाळेतून आल्यावर, उकडलेले अंडे. ते माझ्या हातून. रात्री वरण-भात. शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, श्वासनळीत अडकतात. कूट करून गुळाबरोबर द्यायचे. अंड्यातला पिवळा भाग बाळी खाते, पांढरा मला भरवते. ताईंना हे सांगू नका.

पांगुळगाड्याची तिला आता गरज नव्हती. पण तिनेच तो एक दिवस पोत्याखालून ओढून काढला. कडब्याची धाटे गोळा केली, आडवी-उभी लावली, माझ्या शाळेच्या पट्ट्याने बांधली आणि म्हणाली, “मोली.” मोळी! मग ती पांगुळगाड्यावर ठेवून अंगणभर फिरवली आणि दारात आणून टाकली. पुन्हा दुसरी मोळी. शेजारची मुले भातुकली खेळतात, आमची बाळी ऊसतोड खेळते. आबा ते पाहत होते. ते उठून आत गेले.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला. बाळीने पहिल्यांदा चिखल पाहिल्यासारखा पाहिला, म्हणजे त्यात बसून. ऑगस्टमध्ये ती दोन वर्षांची झाली, तेव्हा दोन शब्द जोडून बोलत होती. “दाद ये.” “पानी दे.” “बै गेला.” वजन ९ किलो ३००. ठिपका हिरव्यात! ताईंनी आईच्या हातात साखर दिली. त्या दिवशी आई अंगणवाडीतून घरापर्यंत बाळीला चालवत आणत होती, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती, “नऊ किलो तीनशे.”

मग सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. आमच्या जिल्ह्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. सोयाबीन पाण्यात गेले, कापसाची बोंडे काळी पडली. जायचे की नाही हा प्रश्नच उरला नाही. प्रश्न बाळीचा होता.

दिवाळीनंतर एका रात्री जेवणे झाल्यावर आज्जी म्हणाली, “औंदा तिला माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. दोन वर्सं झाली, अंगावरचं सुटलंय.” अण्णा म्हणाले, “तुमचं वय?” आज्जी म्हणाली, “ह्यो हाय की.” ह्यो म्हणजे मी. आई काही बोलली नाही. तिने बाळीचे कपडे पिशवीत भरून ठेवलेले होते. ती उठली, पिशवीतून एकेक कपडा काढून परत दोरीवर टाकला. सगळे कोरडेच होते.

जायचे ते पहाटे जायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या की लेकरू झोपेत असतानाच निघा, रडारड नको. आईने ऐकले नाही. म्हणाली, “झोपेत टाकून जायचं न्हाई. उठल्यावर शोधत बसंल.” तिने बाळीला उठवले, तोंड धुतले, केस विंचरले आणि सांगितले, “मी ऊस तोडाया जाते. पाडव्याला येते. तू दादापाशी.” बाळीने टाटा केला. तिला तो खेळ वाटला. तीन रात्री ती रडली. चौथ्या रात्री आज्जीने आईचे जुने लुगडे पांघरायला दिले, तेव्हापासून ते घेऊन झोपते.

आता गंमत अशी झाली आहे की फोन आला की आई विचारते आणि आम्ही सांगतो. वरच्या मागच्या दाढा आल्या. सू आली की आधी सांगते, दर वेळी नाही. चपला उलट्या घालते. जानेवारीचे वजन १० किलो २००. अण्णा विचारतात, “अन्ना म्हणते का?” आम्ही हो म्हणतो. आईचा चेहरा फोनमध्ये दिसतो, तेव्हा बाळी फोन हातात घेऊन त्याच्या मागे वाकून पाहते. मागे आई नसते. मग पुन्हा पुढून पाहते.

वर्गमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच असेल. भित्तीपत्रक पाहायला २६ तारखेला पालक येतात म्हणतात, पण ते बहुतेक आज्ज्या आणि आजोबाच असतात. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. कोणीतरी त्यांना वाचून दाखवा.

मागच्या रविवारी बाळी दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारायला शिकली. याच्या आधी ती उडी म्हणजे नुसती वाकायची. आज्जीने पाहिले, आबांनी पाहिले, मी पाहिले. संध्याकाळी आईचा फोन आला. आम्ही सांगितल्यावर आई म्हणाली, “दाव की मला.” मी फोन खाटेवर टेकवून उभा केला. “बाळी, उडी मार.” बाळी उभी. “मार की.” बाळीने फोनला पापा दिला. आबांनी स्वतः उडी मारून दाखवली, तरी नाही. तिकडे फोनची बॅटरी संपत आली होती. आई म्हणाली, “असू दे, झोपू दे तिला,” आणि फोन बंद झाला. मी तो उचलून कोनाड्यात ठेवत होतो, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. बाळीने उंबऱ्यावरून दोन्ही पायांनी उडी मारली होती आणि वर पाहत होती.

आज्जी म्हणाली, “उद्या परत लाव फोन.”